लहान बोटीवरची वाढीव वायरिंग : गॅरेजची सवय पाण्यात चालत नाही

नांदेड-लातूरकडे समुद्र नाही, मग बोटीच्या वायरिंगचा धडा कशाला, असे आमचे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु नांदेडच्या उशाला विष्णुपुरीचा जलाशय आहे, गोदावरीचे पात्र शहरातून जाते, आणि लातूरला पाणी पाजणाऱ्या मांजरा धरणावर मासेमारीच्या होड्या चालतात. शिवाय पूर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील गावांत रातोरात पाणी शिरले, तेव्हा राज्य आपत्ती प्रतिसाद दलाला आणि लष्कराच्या तुकडीला बोलवावे लागले. अशा वेळी बोट अंधारात निघते. पुढचा सर्चलाइट पेटला नाही तर पाण्याखाली गेलेले कुंपण किंवा विजेचा खांब दिसत नाही, आणि माणसे वाचवायला गेलेली बोटच अडकते.

या बोटी कंपनीतून येतात तेव्हा त्यांच्यावर फारसे काही नसते. दिवा, पाणी उपसण्याचा पंप, मोबाइल चार्जिंगचा पॉइंट, मासे व खोली दाखवणारे यंत्र, भोंगा हे सगळे मागाहून बसते. ते बसवायला मालक जातो कोणाकडे? देगलूर नाक्यावरच्या किंवा गंजगोलाईच्या आसपासच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. आमचे अनेक बांधव या धंद्यात पिढीजात आहेत. उस्तादाच्या हाताखाली शिकलेले, डोळे मिटून ट्रॅक्टरची वायरिंग करणारे. बारा व्होल्टची बॅटरी इथेही तीच, तिथेही तीच. म्हणूनच घोटाळा होतो. जीप-टेम्पोवर ज्या सवयी बिनधोक चालतात, त्यांतल्या तीन सवयी बोटीवर घातक आहेत.

पहिली सवय बॉडी अर्थची. गाडीत आपण दिव्याला एकच तार नेतो आणि मायनस जवळच्या पत्र्याला कसतो. सगळा सांगाडा मायनसचे काम करतो, तार निम्मी लागते. फायबरच्या बोटीत हे शक्यच नाही, त्यामुळे तिथे चूक होत नाही. चूक होते ती पत्र्याच्या आणि अॅल्युमिनियमच्या बोटीत, कारण तिथे दिवा पेटतो! मालक खूश, कारागीर खूश. पण आता दिव्याचा परतीचा करंट बोटीच्या अंगातून वाहू लागतो, आणि ते अंग पाण्यात बुडालेले आहे. जोडात कुठे गंज धरला, कुठे ओल आली की त्यातला काही करंट पाण्याची वाट धरतो, आणि जिथून तो धातू सोडून पाण्यात उतरतो तिथला धातू थोडा थोडा झिजतो. मुलामा देण्याच्या टाकीत जे मुद्दाम करतात, ते इथे नकळत घडते. गोड्या पाण्यात ही क्रिया समुद्रापेक्षा संथ असते, पण थांबलेली नसते. अॅल्युमिनियमला बारीक खड्डे पडतात आणि एक दिवस तळाला भोक सापडते. मग दोष पत्र्याला दिला जातो.

म्हणून बोटीवर प्रत्येक वस्तूला दोन तारा, प्लस आणि मायनस, दोन्ही बॅटरीपर्यंत. मागे लटकवलेल्या पेट्रोल इंजिनाचा, ज्याला आउटबोर्ड म्हणतात त्याचा, सांगाडा मायनसला जोडलेलाच असतो आणि तो बोल्टने बोटीला कसलेला असतो. तेवढ्या एका ठिकाणी बोटीचे अंग मायनसला टेकले तर हरकत नाही. दिव्याचा किंवा पंपाचा करंट अंगातून परत येता कामा नये. तपासणी सोपी आहे. इंजिनाच्या दोन्ही तारा बॅटरीवरून काढाव्यात, दिवे-पंपांची बटणे चालू ठेवावीत, आणि मल्टीमीटरची लाल सुई बॅटरीच्या प्लसवर, काळी सुई बोटीच्या खरवडलेल्या पत्र्यावर लावावी. काटा शून्यावर राहिला तर काम स्वच्छ. बारा व्होल्ट दिसले तर कुठे तरी मायनस अंगाला लागलेला आहे. एकेक फ्यूज काढत आणि एकेक मायनस सोडवत तो शोधावा.

दुसरी सवय म्हणजे जवळची तार सोलून तिथून लाइन घेणे. टेप बसवायचा, चावीच्या तारेवर जोड मारला, झाले. बोटीवर इंजिनाच्या चावीची तार त्या इंजिनापुरतीच मोजून दिलेली असते. तिच्यावर सर्चलाइट टाकला तर ती तापते. आणखी एक गोष्ट अशी की स्टार्टर फिरतो त्या क्षणी बॅटरीचा व्होल्ट दहाच्याही खाली घसरू शकतो. दिवा नुसता मंद होतो, पण खोली दाखवणारे यंत्र किंवा जीपीएस बंद पडून पुन्हा सुरू होते, आणि असे रोज झाले तर ग्राहक म्हणतो, यंत्र खराब निघाले. यंत्र ठीक असते. त्याची लाइन बॅटरीच्या टर्मिनलवरून स्वतंत्र आणली की निम्मी तक्रार संपते. उरलेल्या निम्म्यासाठी सोय असेल तर इंजिनाला वेगळी आणि दिव्यांना वेगळी बॅटरी ठेवावी.

आता फ्यूज. गाडीत पुष्कळदा फ्यूज दिव्याजवळ, हाताला येईल अशा जागी बसवतात. फ्यूज यंत्राला वाचवतो असा समज त्यामागे आहे. फ्यूज मुळात तारेला वाचवतो. साठ अँपिअर-तासाची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर ओतते, आणि बॅटरी ते फ्यूज यांमधला तुकडा कोणाच्याच पहाऱ्यात नसतो. तो तुकडा जितका लांब, तितकी आगीची जागा मोठी. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल नावाची संस्था या कामाचे नियम छापते. तिच्या मूळ नियमाप्रमाणे फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आत असावा. तार नळीत झाकलेली असेल तर काही सवलत आहे. आम्ही म्हणू, सवलत घेऊ नये. बोटीत पेट्रोलचा कॅन असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर न जाता तळाशी साचते, आणि बोटीच्या तळाला गाडीसारखी खाली निसटायची वाट नसते. रस्त्यावर गाडी पेटली तर माणूस उडी मारून बाजूला होतो. भर धरणात तो कुठे जाणार?

एक हिशेब करून पाहू

समजा सोळा-सतरा फुटांची बोट आहे, मागे पंधरा हॉर्सपॉवरचे इंजिन, बॅटरी मागच्या फळीखाली. मालकाला पुढे ३६ वॅटचा एलईडी सर्चलाइट हवा आहे, बाजूचे लाल-हिरवे व मागचा पांढरा असे एलईडी दिवे, खोली दाखवणारे यंत्र, मोबाइल चार्जिंग आणि पंप. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. सर्चलाइट ३ अँपिअर, खुणेचे दिवे मिळून ०.४, यंत्र ०.८, चार्जिंग दीड, पंप ३. सगळे एकदम लावले तरी नऊ-दहा अँपिअरच्या आत.

रात्रीच्या पाच तासांच्या फेरीत सर्चलाइट दोन तास जळेल, म्हणजे ६ अँपिअर-तास. खुणेचे दिवे पाच तासांचे २, यंत्राचे ४, चार्जिंग तीन तासांचे साडेचार, पंप अर्धा तास चालला तर दीड. बेरीज १८. शिसे-आम्लाची बॅटरी रोज निम्म्यापेक्षा खाली उतरवली तर ती लवकर मरते, म्हणून दुप्पट धरा, ३६. बॅटरी जुनी झाली की तिची ताकद घटते, ढगाळ पावसात फेरी लांबते, तेव्हा साठची घ्यावी. त्यातही गाडीची स्टार्टिंग बॅटरी आणि ट्युब्युलर बॅटरी यांत फरक आहे. पहिली क्षणभर मोठा करंट देण्यासाठी बनवलेली असते. ती तासन् तास दिवे जाळायला लावली तर वर्षभरात थकते. ट्युब्युलर मात्र दमादमाने देते. घरच्या इन्व्हर्टरचा धंदा करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

तारेची जाडी हा या धड्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण इथेच पैसे वाचवले जातात. २३० व्होल्टच्या घरगुती लाइनीत वाटेत एक व्होल्ट हरवला तर कोणाला कळतही नाही. बारा व्होल्टमध्ये एक व्होल्ट म्हणजे आठ टक्के. हरवणारे व्होल्ट काढण्याची रीत अशी : जाण्या-येण्याची मिळून तार किती मीटर, तिला अँपिअरने गुणा, पुन्हा ०.०१७५ ने गुणा, आणि तारेच्या चौरस मिलिमीटरने भागा. दुकानात आपण ज्याला एक एमएम, दीड एमएम, अडीच एमएम म्हणतो, तोच हा आकडा. मागच्या बॅटरीपासून पुढच्या टोकापर्यंत काठाकाठाने तार नेली तर सहा मीटर, दोन्ही मिळून बारा. जुन्या धर्तीचा १०० वॅटचा हॅलोजन असेल तर करंट ८.३ अँपिअर. एक एमएम तारेत पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात. हॅलोजनचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून कितीतरी झपाट्याने घटतो. एवढ्या घसरणीला तो जेमतेम साठ टक्के उरतो. मग मालक आणखी मोठा बल्ब आणतो, करंट वाढतो, तार अधिक तापते, उजेड आहे तिथेच!

वर सांगितलेल्या संस्थेच्या नियमात खुणेचे दिवे आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रे यांना तीन टक्क्यांपेक्षा अधिक घट चालत नाही, बाकीच्या मामुली वस्तूंना दहापर्यंत चालते. सर्चलाइट आम्ही पहिल्या वर्गात धरतो. आपल्या उदाहरणात बॅटरीपासून चालकाच्या जागेपर्यंत, म्हणजे तीन मीटर, सहा एमएमची लाल-काळी जोडी आणावी. तिथे फ्यूजची पेटी आणि मायनसची पितळी पट्टी बसवावी. सगळे दहा अँपिअर वाहत असले तरी या जोडीत घट ०.१८ व्होल्टच्या आत राहते. पेटीपासून पुढच्या सर्चलाइटपर्यंत अडीच एमएम नेली तर आणखी ०.१३. दोन्ही मिळून अडीच टक्के. बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज ३० अँपिअरचा, कारण सहा एमएम तार तेवढे निर्धास्त पेलते. पेटीतले फ्यूज सर्चलाइटला ५, खुणेच्या दिव्यांना व यंत्राला ३-३, चार्जिंगला ५. यंत्राच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरावा.

पंपाला मात्र या पेटीतून लाइन देऊ नये. मालक रात्री मुख्य बटण बंद करून घरी जातो, आणि पाऊस रात्रभर पडतो. आपोआप चालणाऱ्या, तरंगत्या बटणाच्या पंपाची तार सरळ बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजमधून घ्यावी, म्हणजे सगळे बंद असतानाही तो जागा राहतो.

माल आणि जोड

तांब्याची, बारीक तंतूंची, आयएसआय शिक्क्याची तार घ्यावी. घरात भिंतीत घालतो ती एकदांडी तार बोटीच्या हादऱ्याने काही महिन्यांत आतल्या आत तुटते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तारही मिळते, आणि ती तांबे म्हणून विकणारेही मिळतात. एक तंतू ब्लेडने खरवडावा. आत पांढरा निघाला तर तो माल परत करावा. त्या तारेचा अवरोध बराच जास्त असतो, म्हणजे वरचा सगळा हिशेब फसतो, आणि टोकाशी ती लवकर सडते. आपल्याच व्यापारी बांधवांपैकी कोणी असा माल ठेवत असेल तर निदान तो काय आहे ते सांगून विकावा. समुद्राकाठी कल्हई केलेली तांब्याची तार वापरतात. आपल्याकडे ती मागवावी लागेल. गोड्या पाण्यात साध्या तांब्यानेही काम भागते, जोड नीट बंद केले तर.

पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेला जोड बोटीवर करूच नये. उन्हाने टेपचा डिंक सुटतो आणि ओल आत शिरते. नुसता डाग देऊन केलेला जोडही भरवशाचा नाही, कारण डाग दिलेली तार कडक होते आणि जिथे कडक भाग संपतो तिथे हादऱ्याने मोडते. चांगल्या पकडीने दाबलेले लग, त्यावर आतून डिंक असलेली आणि गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह, हा खरा जोड. दाबल्यावर तार जोराने ओढून पाहावी. पेटीत शिरण्याआधी तारेला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळातून गळून जाते. दर दीड फुटावर क्लिप. पेटीच्या कडा बुजवायला जे सिलिकॉन वापरतो त्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते तांब्याजवळ लावू नये. त्यातले आम्ल जोड हिरवे करते. बॅटरीचे टर्मिनल आवळून झाल्यावर वर व्हॅसलीन चोपडावे, आधी नाही.

मासे दाखवणाऱ्या यंत्राची पाण्यात सोडायची तार लांब वाटली तर कारागिराचा हात कात्रीकडे जातो. ती कापू नये. सैल वेटोळे करून बांधावी, आणि इंजिनाच्या व पंपाच्या तारांपासून दूर न्यावी, नाही तर पडद्यावर माशांऐवजी इंजिनाचीच रेघोटी दिसते. होकायंत्र असेल तर त्याच्याजवळून जाणाऱ्या लाल-काळ्या तारांना एकमेकींचा पीळ द्यावा आणि भोंगा किंवा स्पीकर त्यापासून हातभर लांब ठेवावा.

लहान इंजिनांत दिव्यांसाठी जी कॉइल दिलेली असते ती पुष्कळदा एसी देते. ती थेट बॅटरीला जोडता येत नाही. रेक्टिफायर-रेग्युलेटर मधे लागतो. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही काढू नये, डायोड जळतात. ही चूक गॅरेजमध्ये गाडीवरही होते.

मराठवाड्याची एक वेगळी अडचण आहे, ती कोकणातल्या कारागिराला कळणार नाही. आपल्या बोटी महिनोन् महिने कोरड्यावर पडून असतात. २०१६ साली मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा त्या धरणात बोट चालवायला पाणीच कुठे होते? अशा काळात बोटीत तशीच सोडलेली बॅटरी हळूहळू उतरते, तिच्या पट्ट्यांवर शिशाचा पांढरा थर कडक होऊन बसतो, आणि पूर येतो तेव्हा ती चार्ज घेत नाही. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे संपली. काम देतानाच मालकाला सांगावे की बोट बाहेर काढली की बॅटरीही काढा आणि महिन्यातून एकदा भरा. आमच्या मते याचाच छोटा धंदा होऊ शकतो. बॅटरी दुकानदाराने धरणावरच्या मच्छीमार संस्थेशी बोलून पाच-दहा बॅटऱ्या उन्हाळाभर सांभाळण्याचा करार करावा. मे महिन्याच्या अखेरीस सगळ्या तपासून परत द्याव्यात.

काम वाढणार आहे हे मात्र खरे. कोकण किनाऱ्यावर रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरांत जीपीएस आणि वायरलेसशिवाय यांत्रिक नौका निघत नाहीत. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे केंद्र सरकारने मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ केला. हे तंत्र इस्रोचे आहे. धरणांवर ते लगेच येईल असे आम्ही म्हणत नाही. परंतु २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात नद्या-जलाशयांतील यांत्रिक नौकांची नोंदणी, तपासणी आणि दिवे यांविषयी तरतुदी आहेत, आणि प्रवासी बोट चालवणाऱ्या मालकाला आज ना उद्या नीट वायरिंग दाखवावी लागेल.

एक काम मात्र घेऊ नये. गोदावरीतून बेकायदा वाळू उपसणाऱ्या बोटींचे. मजुरी दुप्पट मिळते, रोख मिळते, हे आम्हाला ठाऊक आहे. नांदेड जिल्ह्यात महसूल खात्याच्या पथकांनी अशा बोटी स्फोटाने उडवून दिल्याच्या बातम्या वारंवार आल्या आहेत. बोट उडाली की उधारीही उडते, आणि रात्री पात्रात दिवा दुरुस्त करणारा कारागीर पथकाला मालकापेक्षा आधी सापडतो.

मजुरीचे दर आम्ही इथे छापत नाही, कारण तांब्याचा भाव रोज हलतो. बिलावर मात्र तारेची जाडी, लांबी आणि फ्यूजचे आकडे लिहावेत. एका कागदावर कोणती तार कुठे जाते याचा साधा नकाशा काढून, प्लास्टिकमध्ये बंद करून फ्यूजपेटीच्या झाकणाला आतून चिकटवावा. पुराच्या रात्री फ्यूज उडाला तर तुम्ही तिथे नसाल. कोणता काढायचा ते त्या कागदावरून कळेल. त्याच पेटीत प्रत्येक आकड्याचे दोन-दोन जादा फ्यूज ठेवावेत. नाही तर कोणी तरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवतो, आणि मग फ्यूज असून नसल्यासारखा होतो.

बोट ताब्यात देण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून सगळे एकदम चालू करावे : दिवे, यंत्र, चार्जिंग, पंप. दहा मिनिटे थांबून प्रत्येक जोडावर हात फिरवावा. गरम लागेल तो पुन्हा करावा. मग मल्टीमीटर बॅटरीवर लावून आकडा लिहून घ्यावा आणि लगेच पुढच्या सर्चलाइटच्या टोकाशी लावावा. दोन आकड्यांत तीन-चार दशांशांपेक्षा अधिक फरक असेल तर मजुरी घेण्याआधी तो जोड शोधावा.